शेळ्या घटल्या की बोकड विकले गेले? एका गावगटाच्या वार्षिक पशुमोजणीचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण अमरावती जिल्ह्याच्या पश्चिम भागातील, पूर्णा नदीच्या खोऱ्यातील एका गावाचे आहे. हा भाग खारपाणपट्ट्यात मोडतो. भूगर्भातील पाणी खारे असल्यामुळे विहीर किंवा बोअरच्या भरवशावर उन्हाळी हिरवा चारा घेता येत नाही आणि जनावरांचे वर्ष पावसाळ्यावर व साठवलेल्या कुटारावर (मळणीनंतर उरलेल्या भुशावर) चालते. पूर्वी ज्वारीचा कडबा हा येथील मुख्य चारा होता. कपाशी, सोयाबीन, तूर आणि हरभरा या पिकांनी ज्वारीला मागे सारल्यापासून कडब्याची गंजी दिसेनाशी झाली आहे आणि सोयाबीन, तूर व हरभऱ्याच्या कुटारावरच दावण भागवावी लागते.

गावातील सुमारे ६० कुटुंबांचा एक महिला गट दूध संकलन करतो आणि शेळ्यांच्या लसीकरणाचे कामही पाहतो. शेळ्यांची जबाबदारी गावातीलच एका पशुसखीकडे, म्हणजे जनावरांची प्राथमिक देखभाल करणाऱ्या प्रशिक्षित कार्यकर्तीकडे आहे. गटाने २०२१ पासून एक चांगला नियम पाळला आहे : दरवर्षी १ जुलैला सभासदांच्या घरोघर जाऊन गाई, म्हशी, शेळ्या आणि कोंबड्या मोजायच्या आणि त्या आकड्यांवर पुढील वर्षाचा खर्च ठरवायचा. १ जुलै ही तारीख सोयीची म्हणून निवडली गेली. पेरणी आटोपलेली असते, निंदण-डवरणीला अजून अवकाश असतो आणि बाया घरी भेटतात.

लिहिणारा या गटाला हिशेबाच्या कामात मदत करणाऱ्या चमूत होता. गावाची ओळख पटू नये म्हणून आकडे ढोबळ केले आहेत, परंतु त्यांचे परस्परांशी असलेले नाते बदललेले नाही.

अडचण

जुलै २०२३ च्या मोजणीनंतर गटाच्या बैठकीत जे आकडे मांडले गेले, त्यांनी सर्वांनाच गोंधळात टाकले. शेळ्या ३३० वरून २६५ वर आल्या होत्या, म्हणजे वर्षभरात जवळपास पाचवा हिस्सा कमी झाला होता. गाई-बैल १८० वरून २०५ झाले होते. म्हशी ९५ वरून ८० वर आल्या होत्या. कोंबड्या ४२० वरून ६१० झाल्या होत्या. दुसरीकडे, गोवंश वाढूनही जून महिन्यातील दैनंदिन दूध संकलन १९० लिटरवरून १३० लिटरवर घसरले होते.

या आकड्यांचा सरळ अर्थ लावून समितीने एक प्रस्ताव तयार केला. शेळीपालन मागे पडत आहे, म्हणून पशुसखीचे मानधन आणि शेळ्यांच्या औषधांची तरतूद बंद करावी; गोवंश वाढत आहे, तेव्हा ते पैसे आणि बँकेचे कर्ज मिळून ५०० लिटर क्षमतेचा दूध शीतकरण संच घ्यावा आणि शेजारच्या दोन गावांचे दूधही येथेच जमा करावे. दूध कमी झाले ते लम्पी या गुरांच्या साथीच्या त्वचारोगामुळे, आणि लम्पी ओसरल्यावर वाढलेल्या गाई आपोआप दूध वाढवतील, असा त्यामागचा विचार होता.

प्रस्ताव अविचारी नव्हता. २०२२ च्या ऑगस्टपासून लम्पी चर्मरोगाने विदर्भातील गोवंशाला खरोखरच ग्रासले होते आणि त्यात दुभत्या गाईंचे दूध आटले होते. परंतु बैठकीत पशुसखीने एक वाक्य उच्चारले आणि तेच या प्रकरणाचे वळण ठरले. ती म्हणाली, “बकऱ्या कमी नाई झाल्या भाऊ, बोकडं गेले. माह्या लसीच्या वहीत बकऱ्या तेवढ्याच हायेत.”

तिच्या वहीत व्यायलेल्या व गाभण शेळ्यांची नोंद होती. वार्षिक तक्त्यात मात्र शेळी, बोकड, पाठ (न व्यायलेली तरुण शेळी) आणि करडू या सर्वांसाठी एकच रकाना होता.

पुढे असलेले पर्याय

बैठकीत चार मार्गांवर चर्चा झाली. पहिला मार्ग प्रस्ताव आहे तसा मंजूर करण्याचा होता. दुसरा मार्ग ऑगस्टमध्ये पुन्हा एकदा मोजणी करण्याचा होता; मात्र त्यातून त्या दिवशीचा आणखी एक आकडा मिळाला असता, वर्षभरात काय घडले ते कळले नसते. तिसरा मार्ग शासकीय पशुगणनेची वाट पाहण्याचा होता. ही गणना साधारणतः पाच वर्षांनी होते, आधीची २० वी गणना २०१९ ची होती आणि पुढची केव्हा सुरू होईल ते तेव्हा स्पष्ट नव्हते. शिवाय गावपातळीवरील निर्णयाला तिची निष्पत्ती वेळेवर उपयोगी पडणे कठीण होते.

चौथा मार्ग कष्टाचा होता. मागील वर्षाचा आवक-जावक हिशेब घरोघर जाऊन पुन्हा उभा करायचा : वर्षाच्या सुरुवातीची शिल्लक, त्यात जन्म आणि खरेदी मिळवायची, त्यातून मृत्यू, विक्री आणि घरी कापलेली जनावरे वजा करायची, आणि उत्तर वर्षअखेरच्या मोजणीशी जुळते का ते पाहायचे. दुकानातला माल असा तपासला जातो, पण गोठ्यातला क्वचितच.

चौथा मार्ग निवडताना विरोधही झाला. शीतकरण संचाच्या कर्जाचा अर्ज दोन महिने लांबणार होता आणि काही सभासदांना आपण कोणते जनावर कितीला विकले हे सांगणे नको होते. शेवटी समितीने संचाचा निर्णय दिवाळीपर्यंत पुढे ढकलला, आणि पशुसखीचे मानधन तोपर्यंत चालू ठेवले. माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच होता, कारण मानधन त्याच दिवशी बंद झाले असते तर हिशेब जुळवण्यासाठी लागणारी वही आणि ती लिहिणारी व्यक्ती दोन्ही गटाच्या हातून गेल्या असत्या.

हिशेब कसा उभा केला

तारखा कोणाच्याही लक्षात नसतात, सण मात्र सर्वांच्या लक्षात असतात. त्यामुळे प्रश्न सणांच्या आधाराने विचारले गेले : पोळ्याच्या आधी की नंतर, दिवाळीत किती व्याल्या, संक्रांतीपर्यंत काय विकले, आखाजीला (अक्षय तृतीयेला) गोठ्यात काय होते, बकरी ईदच्या बाजारात किती गेले. पोळासुद्धा दरवर्षी एकाच तारखेला येत नाही. २०२२ मध्ये तो ऑगस्टच्या अखेरीस होता, तर २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे सप्टेंबरच्या मध्यापर्यंत गेला. म्हणून प्रत्येक सणाची त्या वर्षाची तारीख आधीच लिहून ठेवावी लागली.

शेळ्यांचा हिशेब सर्वांत बोलका निघाला. १ जुलै २०२२ रोजी ३३० शेळ्या-बोकड होते. वर्षभरात २६० करडे जन्मली, १० खरेदी झाली, ७५ मेली, २५० विकली गेली आणि १० घरी कापली किंवा लेकींच्या सासरी वा सुनांच्या माहेरी दिली गेली. बेरीज-वजाबाकी करता २६५ उरतात, आणि मोजणीतही २६५ च होत्या. तेव्हा मोजणी चुकलेली नव्हती.

परंतु विकलेल्या २५० ची फोड केल्यावर खरी गोष्ट समोर आली. २०२२ मध्ये बकरी ईद १० जुलैला होती आणि २०२३ मध्ये २९ जूनला. हा सण चांद्र कालगणनेनुसार दरवर्षी १० ते ११ दिवस अलीकडे येतो. कुर्बानीसाठी बोकड किमान एक वर्षाचा असावा लागतो, त्यामुळे चांगल्या अंगाचे नर करडू शेतकरी राखून ठेवतो आणि ईदच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत व्यापारी ते उचलतात. १ जुलै २०२२ च्या मोजणीत विक्रीला तयार असलेले ७० बोकड गोठ्यात उभे होते. पुढच्या काही दिवसांत ते गेले. १ जुलै २०२३ च्या मोजणीआधी दोनच दिवस ईद झाली होती आणि त्या वर्षीचे ६० बोकड आधीच विकले गेले होते. म्हणजेच दोन मोजण्यांमधल्या एका वर्षात दोन ईदींची विक्री सामावली होती. व्यायला योग्य शेळ्या आधी १५० होत्या, नंतर १५५. कळप घटलेला नव्हता. उलट गटातील बायांच्या हाती एका वर्षात दोन सणांचा पैसा आला होता.

आणखी एक गोम शेळ्यांच्या मोजणीत आढळली. काही शेळ्या बटईने पाळायला दिलेल्या असतात. शेळी एकीची, सांभाळ दुसरीचा आणि करडे अर्धी-अर्धी, असा हा व्यवहार असतो. अशा शेळ्या मालकिणीने स्वतःच्या म्हणून सांगितल्या आणि सांभाळणारीनेही सांगितल्या, तर त्या दोनदा मोजल्या जातात. येथे तसे थोड्याच घरांत झाले होते आणि दोन्ही वर्षी सारखेच झाल्यामुळे तुलनेवर परिणाम झाला नाही, परंतु नवीन नमुन्यात “रात्री कोणाच्या गोठ्यात बांधली जाते” हाच निकष ठरवण्यात आला.

गोवंशाचा हिशेब उलट दिशेने गेला. १८० जनावरांत ५५ वासरे जन्मली, ५ जनावरे खरेदी झाली, १५ मेली आणि केवळ २० विकली गेली, म्हणून संख्या २०५ झाली. विक्री इतकी कमी असण्याचे कारण लम्पीच होते. साथ पसरू नये म्हणून गुरांचे बाजार बंद ठेवण्यात आले आणि जनावरांच्या वाहतुकीवर निर्बंध आले, त्यामुळे दसरा-दिवाळीच्या सुमारास जी जनावरे एरवी विकली गेली असती ती दावणीलाच राहिली. वाढलेल्या २५ जनावरांत जवळजवळ सगळे गोऱ्हे आणि बैल होते. दुधात असलेल्या गाई मात्र ४५ वरून ३४ वर आल्या होत्या. ट्रॅक्टरने वखरणी-पेरणीची बरीचशी कामे हाती घेतल्यापासून बैलजोडीची मागणी घटली आहे, आणि २०१५ पासून राज्यात बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी असल्यामुळे कामातून बाद झालेल्या नर जनावराला खरेदीदार फार थोडे उरले आहेत. अशा घरात कुटाराचा मोठा वाटा न कमावणाऱ्या जनावरांकडे जातो आणि दुभतीच्या पुढ्यातली पाटी हलकी होते.

एकूण आकडा किती फसवा असू शकतो याचे उदाहरण देशपातळीवरही आहे. २०१२ ते २०१९ या काळात देशातील गोवंशाची संख्या केवळ ०.८ टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळजवळ स्थिर राहिली. पण त्याच काळात माद्या १८ टक्क्यांनी वाढल्या आणि नर ३० टक्क्यांनी घटले. आमच्या गावात एका वर्षापुरते नेमके याच्या उलट घडले होते, आणि बाहेरून दिसणारा आकडा मात्र वाढीचा होता. त्याच सात वर्षांत महाराष्ट्रातील शेळ्या सुमारे ८४ लाखांवरून १०६ लाखांवर गेल्या. समितीतील एका सदस्याने हे ऐकून विचारले की साऱ्या राज्यात शेळ्या वाढत असताना आपल्याच गावात त्या एकाएकी कशा घटतील. हा प्रश्न पहिल्या बैठकीतच विचारला गेला असता तर बरेच श्रम वाचले असते.

म्हशींची घट मात्र खरी होती. ९५ म्हशींत ३५ पारडे जन्मली, १० खरेदी झाली, १० मेली आणि ५० विकली गेली. ही विक्री बहुतांश मार्च ते मे या काळातली, म्हणजे कुटार संपत आल्यावर आणि पाण्याचा त्रास सुरू झाल्यावरची. म्हशीच्या दुधाला स्निग्धांश अधिक, म्हणून दर चांगला. तरीही आखाजीच्या सुमारास भाकड किंवा गाभण म्हैस पडत्या भावाने विकायची आणि पोळ्यानंतर तशीच म्हैस चढ्या भावाने घ्यायची, किंवा घ्यायचीच नाही, असा क्रम अनेक घरांत दरवर्षी चालतो. लम्पीचा धोका म्हशींना कमी असतो. तेव्हा दूध घटण्याचा मोठा भाग रोगामुळे नव्हे तर चाऱ्यामुळे होता.

कोंबड्यांचे आकडे थोडक्यात सांगता येतील. जून २०२३ मध्ये गटाने सुधारित जातीची २०० पिल्ले वाटली होती आणि मोजणीत ती अंड्यावरच्या कोंबड्यांसोबत एकाच रकान्यात आली. दसऱ्यापर्यंत त्यांतली निम्मी उरली.

निर्णय

दिवाळीपूर्वीच्या बैठकीत समितीने शीतकरण संचाचा प्रस्ताव रद्द केला. १३० लिटर दुधासाठी ५०० लिटरचा संच चालवायचा तर विजेचे बिल आणि हप्ता दोन्ही अंगावर पडले असते, आणि शेजारच्या गावांचे दूध येईलच याची कोणी हमी देत नव्हते. दूध पूर्वीप्रमाणे कॅनमधून जवळच्या संकलन केंद्रावर पाठवायचे ठरले.

त्याऐवजी दोन गोष्टींवर पैसे लावले गेले. पहिली म्हणजे करडांची मरतूक. २६० करडांच्या वर्षात लहान-मोठी मिळून ७५ जनावरे मेली होती आणि त्यांत बहुतेक करडेच होती. काळ्या मातीच्या गावात पावसाळ्यात गोठ्याची जमीन सतत ओली राहते; त्यातून फुफ्फुसदाह आणि हगवण होते. पशुसखीने पावसाळ्यापूर्वी आंत्रविषार या आतड्याच्या रोगाची लस आणि तिची दुसरी मात्रा, पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या विषाणूजन्य रोगाची राहिलेली लस, जंतनाशक, नाळेला आयोडीन आणि जन्मल्यावर पहिल्या तासात चीक पाजणे एवढीच कामे काटेकोरपणे करायची ठरवली. ज्या घरांत बांबू उपलब्ध होता तेथे करडांसाठी जमिनीपासून उंच माचाण बांधले गेले.

दुसरी गोष्ट म्हणजे कुटार. सोयाबीन नोव्हेंबरपर्यंत निघते, तूर जानेवारी-फेब्रुवारीत आणि हरभरा त्यानंतर. या काळात कुटार स्वस्त असते आणि कित्येकदा शेतातच पडून राहते. गटाने फिरत्या निधीतून ते विकत घेऊन दोन कोरड्या खोल्यांत साठवले आणि मार्चपासून म्हैस असलेल्या सभासदांना उधारीवर दिले. वसुली दुधाच्या पैशांतून. काही जणींनी जमिनीतील ओलीवर रब्बी ज्वारीच्या दोन-चार ओळी कडब्यासाठी पेरल्या.

वार्षिक मोजणी बंद झाली नाही. तिच्या जोडीला मासिक नोंदवही आली. गाई-म्हशींच्या कानातील १२ अंकी बिल्ल्याचा क्रमांक हाच ओळखक्रमांक धरला गेला, त्यामुळे एकच जनावर दोन नावांवर येण्याचा प्रश्न मिटला.

परिणाम

१ जुलै २०२४ च्या मोजणीत शेळ्या २८५ निघाल्या. त्या वर्षी बकरी ईद १७ जूनला होती, म्हणजे जुलै २०२३ आणि जुलै २०२४ या दोन्ही मोजण्या ईदनंतरच्या होत्या आणि मधल्या वर्षात एकच ईद आली होती. त्यामुळे ही तुलना सारख्याला सारखी होती. वर्षभरात २७५ करडे जन्मली, १० खरेदी झाली, २०५ विकली गेली, १० घरी गेली आणि मेलेली ७५ ऐवजी ५० होती. व्यायला योग्य शेळ्या १६५ झाल्या. विक्रीचा आकडा आधीच्या वर्षापेक्षा लहान दिसत होता आणि एका सभासदाने तो अपयश म्हणून मांडलाही. पण आधीच्या वर्षीच्या २५० मधून जादा आलेली ईद वगळली की २०५ ही वाढच ठरते.

म्हशी ८० वरून ८५ झाल्या आणि जूनचे संकलन १५० लिटरपर्यंत आले. बाजार सुरू झाल्यावर गोवंश पुन्हा १८५ वर आला. कुटाराच्या उधारीपैकी काही रक्कम वसूल व्हायची राहिली आहे. तीन कुटुंबांनी विक्रीची नोंद द्यायला नकार देऊन गट सोडला. लम्पीच्या काळात मृत दुभत्या गाईमागे ३०,००० रुपये, बैलामागे २५,००० आणि वासरामागे १६,००० रुपये शासकीय साहाय्य मिळत असल्यामुळे आपण सांगितलेली संख्या कधी फायद्याची तर कधी अडचणीची ठरेल, ही भावना लोकांच्या मनात रुजली आहे. ती दूर करायला एक वर्ष पुरले नाही.

वेगळे काय करता आले असते

मोजणीची तारीख ठरवतानाच त्या भागातील विक्रीचे दिवस पाहायला हवे होते. १ जुलै ही तारीख माणसांच्या सोयीची होती, जनावरांच्या वर्षाशी तिचा मेळ नव्हता. आता पोळ्याच्या सुमाराची आणि आखाजीच्या सुमाराची अशा दोन मोजण्या कराव्यात असा विचार पुढे आला आहे, म्हणजे उन्हाळ्यातली म्हशींची विक्री स्पष्ट दिसेल. परंतु बकरी ईद अशीच अलीकडे सरकत २०२८-२९ च्या सुमारास आखाजीलाही ओलांडेल आणि दोन ईदींचे वर्ष पुन्हा एकदा तक्त्यात येईल. म्हणून तारीख कोणतीही असो, त्या वर्षीची ईद मोजणीच्या आधी झाली की नंतर, हे तक्त्याच्या माथ्यावर लिहिणे अधिक भरवशाचे आहे.

मुख्य आकडा म्हणून व्यायला योग्य माद्यांची संख्या धरावी, असे माझे ठाम मत झाले आहे. बोकड, गोऱ्हे आणि पिल्ले येतात-जातात. पुढच्या वर्षीचे दूध आणि करडे मात्र या माद्यांवरच ठरतात. एकूण संख्या त्याखाली लिहावी.

मासिक नोंदवहीचा बोजा एकट्या पशुसखीवर टाकणे योग्य झाले नाही. लसीकरण, औषधे आणि नोंदी ही सर्व कामे एकाच मानधनात बसवली गेली, आणि पावसाळ्यात तिच्या नोंदी मागे पडल्या. दूध मोजणारी मुलगी दररोज बहुतेक घरांच्या संपर्कात असते; गाई-म्हशींच्या नोंदी तिच्याकडे दिल्या असत्या तर दोघींनाही ते झेपले असते.

कोंबड्यांच्या बाबतीत अजून काहीच सुधारलेले नाही. आठ आठवड्यांखालील पिल्ले वेगळ्या रकान्यात लिहायची एवढे ठरले, पण मानमोडी (राणीखेत) रोगाने उन्हाळ्यात किती मेली हे कोणी सांगत नाही आणि कोणी विचारतही नाही. कोंबड्यांचा पैसा पूर्णतः बायांच्या हातात राहतो, म्हणून तो हिशेब घरातल्या पुरुषांसमोर विचारला जाऊ नये, अशी सूचना गटातील एका ज्येष्ठ काकूंनी केली आहे. पुढील मोजणीत कोंबड्यांची माहिती दूध घालायला आलेल्या बायांकडूनच, संकलन केंद्रावर घेतली जाणार आहे.

२१ व्या पशुगणनेचे काम २५ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झाले. प्रगणक गावात आले तेव्हा सभासदांनी नोंदवहीतून आकडे वाचून दाखवले. परंतु गावाच्या शिवारात त्या वेळी बाहेरून आलेल्या काठेवाडी (मूळच्या गुजरातमधील भटक्या) पशुपालकांच्या गाई बसल्या होत्या. या गणनेत भटक्या पशुपालकांच्या जनावरांची माहिती प्रथमच स्वतंत्रपणे घेतली जात असल्यामुळे त्या गावाच्या आकड्यात मिसळल्या जाणार नाहीत, हे गटातील बायांनी प्रगणकाला विचारून खात्री करून घेतले. त्या गाई शिवारात बसल्याने शेताला मिळणारे शेणखत आणि त्यांनी खाल्लेले कुटार यांचा हिशेब कोणत्या वहीत लिहायचा, हा प्रश्न आता गटाच्या पुढील बैठकीच्या विषयपत्रिकेवर आहे.